दुकान माझं म्हणा, साडभाऊ!

मालक व्हायला माझ्या साडभाऊंइतका नालायक माणूस अख्ख्या भिलाईत सापडणार नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सगळी नोकरी पोलाद कारखान्यात, राहायला कंपनीचं क्वार्टर. ‘माझं’ हा शब्द जिभेला कधी लागलाच नाही. वर्तमानपत्र शेजाऱ्याशी निम्म्यात, स्कूटरसुद्धा निम्म्यात. सम तारखेला यांची, विषम तारखेला त्याची. एकतीसच्या पाठोपाठ एक तारीख आली की शेजाऱ्याला सलग दोन दिवस मिळत आणि हे पायी फिरत. मी हिशेब दाखवला, तर म्हणाले, “महिनाच तसा हाय जी, त्यात त्याचा काय दोष?” शिफ्टचे इनचार्ज होते, पण कोणाला हुकूम सोडलेला ऐकला नाही. काही बिघडलं की हेल्मेट चढवून “पाहून येतो” म्हणत निघायचे, आणि सगळी गँग मुकाट्यानं मागे.

निवृत्त झाले त्याच सुमारास त्यांच्या गँगमधल्या रामलाल आणि वामन या खुर्सीपारच्या दोघांचं ठेकेदारीतलं काम सुटलं. त्यांना हाताला काम हवं म्हणून साडभाऊंनी सिविक सेंटरमध्ये एका बेकरी कंपनीची फ्रँचायझी घ्यायचं ठरवलं. पैसा सगळा यांचा. फॉर्म भरायला अर्थातच मी. अटी स्पष्ट होत्या: निम्म्याहून जास्त हिस्सा एकाच माणसाचा, दुसरा धंदा नको, मालकानं रोज स्वतः दुकानात हजर राहायचं, माणसं सांभाळल्याचा अनुभव हवा. शेवटच्या तिन्हींत हे पहिल्या नंबरात पास. पहिलीसाठी मी मुलाखतीची यादी केली आणि तिच्यात पहिली ओळ लिहिली: ‘दुकान माझं’ असं ठणकावून सांगणे.

रायपूरला जाताना बाइकवर मागे बसवून मी घोकून घेत होतो.

“म्हणा, दुकान माझं.”

“दुकान माझं... पण रामलाल भट्टी पायणार, वामन गिऱ्हाईक. मंग एकट्याचं कावून?”

“कंपनीले एकच मालक पायजे म्हणून!”

“कंपनीचं बी बरोबर हाय,” ते म्हणाले, आणि कुम्हारीला चहासाठी थांबलो तेव्हा एकच कप मागवून निम्मा मला दिला.

ऑफिसात साहेबानं विचारलं, “दुकान का मालिक कौन रहेगा?” साडभाऊंनी घाम पुसला, माझ्याकडे पाहिलं, मग काचेच्या दाराकडे. “हमारी रहेगी साहब. तीनों की.”

फॉर्म परत आला.

“एक शब्द बोलाचा होता तुमाले!” मी जिन्यातच भडकलो.

“ते दोघं बसनं आले होते जी. दारापाशी उभे होते. त्यांच्यासमोर कसं म्हणू?”

पुढे खुर्सीपारलाच बिननावाची बेकरी निघाली. साडभाऊ सगळ्यांत आधी येऊन झाडू मारायचे; गल्ल्यामागच्या खुर्चीवर मात्र कधी बसले नाहीत. अलीकडे गुडघे फार दुखायला लागले, तसे ते नागपूरला लेकीकडे गेले.

परवा टोस्ट घ्यायला थांबलो होतो. एका नव्या गिऱ्हाइकानं दुकान कोणाचं म्हणून विचारलं. रामलालनं पिठाचे हात पुसले आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. “साहब के दुकान आय.”

घरी येऊन मी जुन्या फाइलमधून ती यादी काढली, आणि पहिल्या ओळीसमोर टिक केली.