मामाचा आवाज

दाजींना ‘दाजी’ हे नाव एका लाकडी बाहुल्याने दिलं. त्याआधी ते कुणाचेच दाजी नव्हते, कारण त्यांची बायको एकुलती एक. तिला ना भाऊ, ना बहीण. पण आठ वर्षांपूर्वी दाजींनी हलक्या लाकडाचा, अडीच फुटी, मिशीवाला बोलका बाहुला तयार केला आणि दोन वर्षांच्या लेकीने त्याला पाहताक्षणी ‘मामा’ म्हणून हाक मारली. बायको म्हणाली, म्हणजे हा माझा भाऊ की काय, आमच्या माहेरी असं कुणी दिसत नाही. त्यावर बाहुल्याने मान वळवली आणि बारीक, खट्याळ आवाजात म्हटलं, “ताई, दाजींना जरा ताकीद द्या.” बायको हसली आणि नातं पक्कं झालं.

दाजींचा धंदा कवळ्या बनवण्याचा. डॉक्टरकडून तोंडाचे साचे येत, त्यावरून हे मेणात दात बसवत, कवळी घडवत, घासूनपुसून चकचकीत करत. शेकडो लोकांना त्यांनी बोलतं आणि खातं केलं होतं, पण स्वतःचं तोंड उघडायचं म्हटलं की ते मागे सरत. कुठल्याही समारंभात ते चपलांच्या आसपास उभे राहायचे, म्हणजे निघणं सोपं. तोच माणूस मामाला मांडीवर घेऊन बसला की पाहुण्यांची फिरकी घ्यायचा, घरमालकाला टोमणे मारायचा, आणि कुणी रागावलंच तर डोळे मोठे करून मामाकडे बघायचा. मामाच्या तोंडात दाजींनी खरे कवळीचे दात बसवले होते. लॅबमध्ये उरलेले, रंग थोडा न जुळणारे, पण पूर्ण बत्तीस.

ओठ न हलवता बोलायची ही कला ऐकायला गमतीची असली तरी करायला महाकर्मकठीण. प, फ, ब, भ, म हे पाच वर्ण ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. ते टाळायचे किंवा जिभेने चोरून काढायचे. त्यामुळे मामाला स्वतःचं नावच नीट घेता येत नसे, कुणी विचारलं तर तो म्हणे, “ओळखा कोण.” त्या बारीक आवाजावर दाजींनी बाहुला घडवण्याआधी दोन वर्षं रोज संध्याकाळी आरशासमोर घाम गाळला होता. तो एकदा सापडल्यावर मात्र घरात चार माणसं झाली, असं बायकोच सांगायची.

ती नर्स होती. तिला परदेशातल्या एका इस्पितळात नोकरी मिळाली, तेव्हा तिघांनी जायचं ठरलं आणि चौथ्यावरून घरात वाद सुरू झाला. वजनकाट्यावर बॅगा चढत होत्या, उतरत होत्या. मामा साडेतीन किलो. बायकोचं म्हणणं, तेवढ्यात दोन स्वेटर आणि कुकर बसतो. दाजींनी आपले स्वेटर काढून ठेवले आणि मामाला हातातल्या पिशवीत घातलं. विमानतळावर तपासणीच्या पडद्यावर एक कवटी आणि तिच्यात बत्तीस दात दिसले, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने पट्टा थांबवला आणि ही पिशवी कुणाची म्हणून विचारलं. दाजींनी नुसता हात वर केला. शेवटी बायको पुढे झाली आणि तिने भावाची ओळख करून दिली.

नव्या गावात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर मिळालं. बायकोच्या इस्पितळातल्या पाळ्या सुरू झाल्या, लेक शाळेत जाऊ लागली, आणि दाजी घरी. तिथे कवळ्या बनवायच्या तर परवाना हवा, आणि परवान्याची परीक्षा तोंडी, तिथल्या भाषेत. म्हणजे वाघाला गवत खायला सांगण्यातला प्रकार. ते भाषेच्या वर्गात जायचे, वह्या भरायचे, घरी यायचे. पण दुकानात गेले की बोट दाखवायचे. बोटाने न दाखवता येण्यासारखी वस्तू असेल, तर ती आणायचीच नाही. तीन महिने त्या घरात खिळे नव्हते, कारण खिळे काउंटरच्या आत ठेवलेले असत. लेक बरोबर असली की ते तिच्या मागे उभे राहायचे आणि ती भराभरा बोलून मोकळी व्हायची. एक दिवस ती वैतागून म्हणाली, बाबा, मी शाळेत असताना तुम्हाला ठेच लागली तर ओरडाल तरी का?

ते वाक्य दाजींना फार लागलं. त्या दुपारी त्यांनी मामाला बाहेर काढलं, मांडीवर घेतलं आणि वहीतला पहिला धडा त्याच्यापुढे धरला. मामा वाचू लागला. चुकला, हसला, पुन्हा वाचला. दाजींना जे शब्द वर्गात गिळावे लागत, ते मामा बेधडक फेकत होता, कारण चुकलं तर चूक लाकडाची होती, दाजींची नव्हे. ओठ मिटावे लागणारे वर्ण या भाषेतही होते आणि त्यांच्यासाठी नव्या चोरवाटा शोधाव्या लागल्या, पण त्यातच तर दाजींना खरी मजा. चार महिन्यांत मामा वर्तमानपत्र वाचू लागला, खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याला दटावू लागला. दाजी मात्र होते तिथेच होते.

परीक्षेला मामाला न्यायचं नाही, अशी बायकोने सक्त ताकीद दिली. दाजी एकटे गेले. टेबलापलीकडे तीन परीक्षक. त्यांनी एक कवळी पुढे ठेवली आणि तिच्यात काय बिघडलंय ते विचारलं. दाजींना ते दारातूनच दिसलं होतं. पण तोंड उघडलं तर हवासुद्धा बाहेर येईना. परीक्षकांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. तेवढ्यात कोटाच्या खिशात दाजींचा उजवा हात आपोआप वळला, नसलेल्या मामाच्या जबड्याची दोरी तर्जनीने ओढली गेली, आणि बारीक, खट्याळ आवाजात उत्तर सुरू झालं. वरची बाजू उंच बसली आहे, पेशंटचं डोकं दुखणार, आणि ज्याने ही बनवली त्याला त्या दिवशी लवकर घरी जायचं होतं. तिघांतल्या एकाचे कान लाल झाले. कवळी त्यानेच बनवली होती. बाकीचे दोघे हसत सुटले. निकालाच्या पत्रात लिहून आलं की ज्ञान उत्तम, भाषा समाधानकारक, मात्र उमेदवाराने बोलताना तोंड उघडावं.

परवाना मिळाला, दाजी एका लॅबमध्ये रुजू झाले आणि तिथेच गोची झाली. ती भाषा त्यांना फक्त मामाच्या आवाजात येत होती. सहा टेबलं, प्लास्टरची धूळ, मेणाचा वास, घासणाऱ्या यंत्राची घरघर, आणि त्यात हा मिशी नसलेला, गंभीर चेहऱ्याचा माणूस बारीक आवाजात, ओठ न हलवता बोलायचा. आणि बोलायचाही कसा, मामासारखा, तिरकस. लोकांना तो आवडला. लॅबच्या मुख्य बाई, ज्या सहसा कुणाशी हसत नसत, त्या डबा खाताना मुद्दाम यांच्या टेबलाशी येऊन बसू लागल्या. बाईंना वाटे, काही माणसांचा आवाजच असा असतो. दाजींनाही वाटू लागलं, चाललंय ते बरं चाललंय. घरी मराठीत आपला जाड आवाज, दारापलीकडे मामाचा. एकदा फोनवर ते लॅबशी बोलत असताना बायको म्हणाली, “घरात एक मामा पुरे होता.” दाजींनी ते हसण्यावारी नेलं.

मामाशी आता बोलायला वेळ होत नव्हता. तो कपाटावर बसलेला असे आणि त्याच्या मिशीवर धूळ धरली होती.

वर्ष संपत आलं, तेव्हा लेकीच्या शाळेत पालकांच्या छंदांची संध्याकाळ ठरली. कुणी वाद्य वाजवणार, कुणी चित्रं मांडणार. लेकीने वडिलांना न विचारता त्यांचं नाव देऊन टाकलं, दहा मिनिटं, बोलका बाहुला. वर लॅबच्या बाईंनाही आमंत्रण गेलं आणि त्या सगळ्या टेबलांवरच्या लोकांना घेऊन येणार असं ठरलं. दाजी आधी गांगरले, मग खूश झाले. त्यांनी मामाची धूळ पुसली, जबड्याच्या दोरीला तेल लावलं, तिथल्या भाषेत छानसा संवाद लिहिला आणि लेकीला समोर बसवून तालीम सुरू केली. दाजी एक वाक्य बोलले. मामा एक वाक्य बोलला. लेक गोंधळून बघत राहिली. मग तिने डोळे मिटले आणि पुन्हा करा म्हणाली.

“बाबा, आता कोण बोललं?” तिने विचारलं.

दाजींनी सांगितलं, मी. मग पुढचं वाक्य झालं, तिने पुन्हा तेच विचारलं. तेव्हा दाजींच्या ध्यानात आलं. त्या भाषेत दोघांचा आवाज एकच होता. समोरच्याला दोन माणसं ऐकूच येणार नाहीत. एक माणूस मांडीवर लाकूड घेऊन स्वतःशीच बडबडतोय, एवढंच दिसणार.

त्यांनी मामाला दुसरा आवाज देऊन पाहिला, घोगरा. लेक म्हणाली, हा मामा नाहीच. नाकातला दिला, तर ती उठून पाणी प्यायला गेली. ज्या आवाजासाठी दोन वर्षं घालवली तो दाजींनी स्वतः वापरून संपवला होता, आणि मामा आठ वर्षांत पहिल्यांदा मुका झाला होता. त्यांना खरंच वाईट वाटलं, घरातल्या माणसाचं काही हिरावून घेतल्यासारखं. नाव काढून घ्यावं म्हणून ते शाळेत गेले, पण नाव फळ्यावर लागलं होतं आणि त्याशेजारी लेकीने मिशीचं चित्र काढलं होतं. ते बघून तसेच परत आले.

बायको इस्पितळातून आली, तिने बूट काढता काढता सगळं ऐकून घेतलं.

“त्याचा आवाज त्याला परत द्या,” ती म्हणाली. “तुम्हाला तुमचा आहे की.”

दाजी म्हणाले, माझा आवाज फक्त मराठी बोलतो. तिने विचारलं की त्याला कधी दुसरं काही बोलायला सांगितलंय का. आठवडाभर दाजींनी न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि आपल्या आवाजात तिथली भाषा बोलायचा प्रयत्न केला. गुळण्या केल्यासारखं वाटायचं. जी वाक्यं मामाच्या आवाजात घरंगळत येत, ती या आवाजात अडखळत, आपटत बाहेर पडायची.

त्या संध्याकाळी शाळेच्या सभागृहात घडीच्या खुर्च्या भरल्या होत्या. तिसऱ्या रांगेत लॅबची सगळी टेबलं, मधोमध मुख्य बाई. दाजी स्टुलावर बसले, मामा मांडीवर. लेक पहिल्या रांगेत, बायको तिच्या शेजारी, दोघींचे हात एकमेकींच्या हातात. दाजींनी श्वास घेतला, ओठ चांगले उघडले आणि आपल्या जाड आवाजात त्या भाषेतलं पहिलं वाक्य म्हटलं. नमस्कार, मी कवळ्या बनवतो. क्रियापदाची शेपटी चुकली. तिसऱ्या रांगेत बाईंनी शेजारच्याकडे पाहिलं. दाजींच्या डोक्यातून संवादाचा कागद साफ पुसला गेला, आणि वाटलं, उठावं आणि चपला शोधाव्यात.

तेवढ्यात मामाने हळूच मान वळवली.

“दाजी, चुकलात,” तो म्हणाला, त्याच्या त्याच बारीक आवाजात, तिथल्याच भाषेत.

सभागृह हसलं. हे कागदावर नव्हतं. दाजींनी वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, पण घाबरल्यामुळे आता दुसरीकडे चुकलं. मामाने कपाळ दाजींच्या खांद्याला टेकवलं आणि लोकांकडे वळून सांगितलं, “दाजींना शाळेतच ठेवा. दुसरीत घालतील.” मुलं पाय आपटून हसू लागली. मग दाजी भांडायला उठले. त्याच भाषेत, आपल्याच आवाजात, दहा ठिकाणी अडखळत. मी तुला उचलून समुद्रापलीकडे आणलं, माझे स्वेटर सोडून, म्हणाले. थंडीत कुडकुडलो तुझ्यासाठी. त्यात तीन चुका होत्या, तिन्ही मामाने टिपल्या, आणि प्रत्येकीवर टाळी पडली. दहा मिनिटांची पंधरा झाली. शेवटी शेवटी दाजींच्या लक्षात आलं की चुका कमी होताहेत, आणि मामाला काम उरावं म्हणून एक त्यांनी जाणूनबुजून केली.

कार्यक्रम संपल्यावर मामाला पिशवीत ठेवून ते खाली उतरले. बाई वाट बघत उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं.

“बाहुल्याचं काही विशेष नाही,” बाई म्हणाल्या. “तो तर तुमच्याच आवाजात बोलतो, ते कुणीही करेल. पण शेजारी जो घाबरट माणूस बसला होता, त्याचा तो जाड आवाज तुम्ही कुठून काढलात?”

दाजींचा हात सवयीने खिशाकडे गेला. त्यांनी तो बाहेरच ठेवला.

“तो माझाच आहे,” ते जाड आवाजात, ओठ उघडून म्हणाले.

एवढ्याशा वाक्यात एक चूक होतीच. बाई क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग त्यांनी ती हळूच सुधारून दिली. दाजींनी वाक्य पुन्हा म्हटलं, आणि या खेपेला ते बरोबर आलं.