ओ देणारे

बिबवेवाडीत माझा सायबर कॅफे होता तेव्हा रोज दुपारी एक गृहस्थ यायचे. कारखान्यातून मुदतीआधी निवृत्त झालेले. चपला दाराबाहेर काढून कोपऱ्यातल्या मशीनसमोर देवळात बसावं तसे बसायचे. हौसेखातर ते स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत होते. माझं मशीन बिघडू नये म्हणून त्याच्या आतच एक खोटा कॉम्प्युटर मांडून ती त्यावर चालवायचे. त्याचा कीबोर्ड खोटा, डिस्कही खोटी.

"ड्रायव्हर म्हणजे हाक मारणारा," ते एकदा म्हणाले. "प्रत्येक जागी विचारायचं, कोणी आहे का. जे यंत्र ओ देईल ते मोजायचं."

त्या दिवशी त्यांनी त्या खोट्या कॉम्प्युटरला एकही यंत्र जोडलेलं नव्हतं, तरी पडद्यावर 'एक' आलं. काय झालं ते बघायला मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्यांनी पुन्हा चालवलं. 'दोन'.

"जरा काउंटरवर जाता का?"

मी गेलो. 'एक'.

"अहो, तुमचंच काहीतरी चुकलं असेल," मी म्हणालो.

"चुकलेलंच असू दे," ते हळू आवाजात म्हणाले.

त्यांच्या सिस्टीमची सीडी मशीनमध्येच विसरून ते गेले, ते पुन्हा आले नाहीत. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

महिन्याभराने, भर दुपारी, कॅफेत चिटपाखरू नसताना मी ती सीडी चालवली. बसण्याआधी चपला बाहेर काढल्या, का ते सांगता येणार नाही.

पडद्यावर 'दोन' आलं.