शिडीवरचा साहेब आणि आमचे भावोजी

कुणाच्या घरी भांडी साठतात, कुणाच्या घरी साड्या. आमच्या रत्नागिरीच्या आळीत किस्से साठले, आणि त्यांतले निम्मे एकट्या वसंतभावोजींचे. मी ते मुद्दाम जमवले नाहीत. ते आपणहून घरात येऊन पडले, बहुतेक वेळा भावोजींसकटच.

वसंतभावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. जवळच्या भाट्ये गावात सरकारी नोकरी, स्वभाव सोन्यासारखा, हातपाय मात्र कुणाच्या ऐकण्यातले नाहीत. चौतिसावं सरलं तरी लग्न जमेना, म्हणून मी सोळा सोमवार धरले. सोळा झाले, उद्यापन झालं, लग्न काही झालं नाही. मी पुन्हा धरले. देवाला घाई नसते, पण तो विसरतही नाही, असं मला आपलं वाटतं.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास भावोजींच्या एका मित्राने आखातातून टीव्हीला जोडायचं यंत्र, म्हणजे व्हिडिओ, आणला आणि परत जाताना सांभाळायला आमच्याकडे ठेवला. सोबत कॅसेट एकच. जुना विलायती विनोदी सिनेमा, काळा-पांढरा. त्यातला हिरो घरं रंगवणारा. बिचारा सगळ्यांचं भलं करायला जातो आणि शिडीच्या एका टोकाने खिडकी फोडतो, दुसऱ्या टोकाने मालकाची टोपी उडवतो. दर रविवारी दुपारी अख्खी आळी आमच्या माजघरात बसून तोच सिनेमा बघायची.

*

इंग्रजी कुणाला फारसं कळत नसे, म्हणून भावोजी टीव्हीशेजारी उभे राहून मराठीत सांगायचे. हिरो रंगाच्या डब्यासकट शिडीवरून खाली आला. सगळे पोट धरून हसले. हसणं थांबल्यावर भावोजी गंभीरपणे म्हणाले, "तो म्हणतो, मी पडलो."

शेजारच्या माई म्हणाल्या, "वसंता, तेवढं इंग्रजी आम्हांस येतं हो."

*

माईंचे यजमान नाना. त्यांची आंब्याची बाग. एकदा ऐन हंगामात ते कलमावरून पडले होते आणि तीन महिने अंथरुणात होते. त्यांना या सिनेमाचं हसू कधी आलंच नाही. हिरोने पहिल्या पायरीवर पाय ठेवला की ते ताठ बसायचे. "अरे, खाली शिडी कोणी धरलीय का बघ आधी."

तिसऱ्या रविवारी त्यांनी डोळ्यांवर पंचाच घेतला. "झालं? पडला का तो?"

"पडला हो," माईंनी त्यांचा हात थोपटला. "उठलासुद्धा."

"मग चहा टाक," नाना म्हणाले.

*

त्या श्रावणात मी रविवारी सूर्यास्तापर्यंत मौन धरलं होतं. सिनेमा पाठ झालेला, म्हटलं गप्प बसून बघू. पण हिरो स्वतःच रंगवलेल्या बाकावर बसला, आणि उठला तो बाक घेऊनच. मला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. मग दिवसभर जिवाला रुखरुख. दिवेलागणीनंतर माईंना विचारलं, "मौन मोडलं का हो माझं?"

माईंनी नीट विचार केला. "शब्द बोललीस?"

"नाही."

"मग झालं तर. मौन जिभेचं असतं गो. पोटाचं कुणी धरलंय?"

*

खंडेनवमीला आम्ही कोयता, विळी, शिवणयंत्र मांडून पुजतो. भावोजींनी व्हिडिओही मांडला. गंध लावलं, फूल वाहिलं, वर अक्षता वाहिल्या, आणि पूजा वरवरची नको म्हणून झडप उघडून आतही चार दाणे घातले.

पुढच्या रविवारी हिरो शिडीच्या मधल्या पायरीवर जो थरथरत उभा राहिला तो राहिलाच. वर जाईना, खाली येईना. आळी हळहळली.

नाना मात्र पहिल्यांदाच खुशीत होते. "आता कसा शहाण्यासारखा थांबला."

*

त्याच वर्षी भावोजी एक मुलगी बघायला गेले. ओटीवर झोपाळा होता. मुलीचे वडील त्यावर बसायला वळले, तेव्हा भावोजींनी आदराने झोपाळा धरून ठेवला. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण नमस्कारच केलेला नाही. त्यांनी हात जोडले. झोपाळा मागे गेला, वडील खाली गेले.

आठ दिवसांनी पत्र आलं. "मुलगा फार चांगला आहे. परंतु आमच्या कंबरेस सोसणार नाही."

*

मग पोफळीचं स्थळ आलं. मुलगी सुमती. वडील तिथल्या वीजघरात, कमी बोलणारे. आम्ही तिला बघायला गेलो तेव्हा भावोजींना खुर्चीवरून उठूच दिलं नाही, त्यामुळे सगळं सुरळीत पार पडलं. आता वडील आमचं घर बघायला येणार होते. "मीही येणार," म्हणून सुमतीही आली. त्या सकाळी भावोजी मला हळूच म्हणाले, "वहिनी, हेही मोडलं तर माझ्यासाठी उपास करू नका. वाळलात तुम्ही."

बैठकीत कुणी बोलेना, म्हणून ह्यांनी सिनेमा लावला; आतले दाणे काढून व्हिडिओ एव्हाना दुरुस्त झाला होता. हिरो पडला, माई हसल्या, वडीलही मिशीत हसले. सुमती नुसती बघत राहिली.

तेवढ्यात भावोजी पोह्यांचं ताट घेऊन निघाले. व्हिडिओच्या वायरीत त्यांचा पाय अडकला. टेबलावरून सुटलेला व्हिडिओ त्यांनी पडता पडता छातीवर झेलला, पण त्यासाठी हातातलं ताट सोडलं. सगळे पोहे वडिलांच्या डोक्यावर. चष्म्यावर कोथिंबीर.

कुणी हसलं नाही. मी मनात महादेवाचं नाव घेतलं.

सुमती उठली. "लागलं का हो?"

भावोजी आडवेच. "नाही. सवय आहे."

तिने त्यांच्या छातीवरचा व्हिडिओ उचलून टेबलावर ठेवला. वडिलांचा चष्मा काढून पुसला आणि परत त्यांच्या हातात दिला. मग पदर खोचला आणि कुणाला न विचारता सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली.

"वहिनी," ती म्हणाली, "पोह्यांचा डबा कुठला?"