मांगचे ब्रेक

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्याच्या बाजारात मिरचीच्या भावावरून एकाशी हुज्जत घालत होतो. फोनवर त्याची बायको, शोभावहिनी होत्या. "भाऊजी, या तुम्ही," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या गावी, धाडला पोचलो तर अंगणात माणसं जमलेली, आणि त्यांच्या मधोमध दिगूची लाल गाडी. आदल्या दिवशी दोघं नवरा-बायको तिच्यातून लोणारला जाऊन आले होते. संध्याकाळी त्यानं गाडी लावली, जेवला, झोपला... तो उठलाच नाही.

दिगू माझा शाळेपासूनचा मित्र. ऐन तरुणपणी तो दक्षिणेत रेसच्या गाड्यांच्या वर्कशॉपात होता. वडिलांमागे शेती बघायला परतला तेव्हा लोकांनी सामान आणलं असतं, यानं एक भंगारातली रेसची गाडी आणली. कांदा, मिरची सांभाळून तो वर्षानुवर्षं तिच्यात हात घालत बसायचा. रेससाठी वजन कमी करताना तिचा हँडब्रेक कोणीतरी काढून टाकला होता, गिअरही आपोआप सुटायचा, आणि दिगूचं घर उतारावर. एका दुपारी गाडी एकटीच निघाली आणि कांद्याच्या चाळीत घुसली. कोणाला लागलं नाही, पण वहिनींनी चाकामागे एक काळा दगड ठेवला आणि निक्षून सांगितलं, "आपल्या पायावर उभी राह्यली तं ठेवा. नाही तं नेऊन टाका तिले कुठंबी."

गाडी गेली असती तर दिगू हिंडला-फिरला असता, पण आतून संपला असता, हे मला ठाऊक होतं. म्हणून हँडब्रेक बसवायला मागच्या चाकांचे कॅलिपर बदलायचं ठरलं. कॅलिपर म्हणजे चाकाच्या तबकडीला चिमट्यासारखं धरणारा भाग. रेसचे मोठे कॅलिपर त्याच्या मनात भरलेले, दिसायला राजबिंडे, पण त्यांना हँडब्रेक जोडता येत नव्हता. दुसरे साध्या गाडीचे, छोटे, हँडब्रेकवाले. ते लावायचं म्हटलं की त्याचं तोंड कडू व्हायचं. शेवटी एका ओळखीच्याकडून मोठे आणून लावून पाहिले. मला शेजारी बसवून बुलढाण्याच्या दिशेनं निघाला, मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला, आणि थांबलो तेव्हा आमचं तोंड धाडकडं होतं.

मग तो म्हणाला, "ब्रेक मारला का सारं वजन पुढं जाते. मांगची चाकं हलकी होतात. त्यायले जास्त धरलं तं गाडी फिरते. मांगच्यानं बेतानं धरा लागते, बे."

"मंग हे आधी काऊन नाही सुचलं?"

"सुचलं होतं. मन आयकत नव्हतं."

छोटे मागवले त्यातही गंमत झाली. पुढचे कॅलिपर त्यानं आधी पुण्याच्या एका दुकानातून घेतले होते. तिथंच फोन करून सांगितलं, "आता मांगचे पाठवा." तिकडच्या माणसानं मागचे म्हणजे मागच्या खेपेचे धरले आणि पुन्हा पुढचीच जोडी पाठवली. खोकं उघडून दिगू कपाळाला हात लावून बसला. वहिनी म्हणाल्या, "मांगच्यायले कोणी इचारतच नाही." तो आठवडाभर धुमसत होता, वहिनी आठवडाभर हसत होत्या.

बरोबर जोडी आली, बसली. दिगूनं हँडब्रेक ओढला, दगड काढला आणि वहिनींना बोलावलं. "लोट." त्यांनी पदर खोचून लोटली. गाडी हलली नाही. वहिनींनी दगड उचलून कपडे धुवायच्या जागी नेऊन ठेवला. त्यानंतरच त्या गाडीत बसल्या.

तेरवीला मांडव घालताना दिगूचा पुतण्या गाडी सरकवायला गेला. वहिनी म्हणाल्या, "राहू दे. त्यायनं ओढला हाय." मांडव गाडीला वळसा घालून उभा राहिला. पण हँडब्रेक फार दिवस ओढून ठेवला तर कॅलिपरमधले पॅड तबकडीला चिकटतात, हे दिगूच मला सांगायचा. गेल्या आठवड्यात धीर करून वहिनींना ते सांगितलं. त्या मागच्या अंगणात गेल्या, साबणानं पांढुरका झालेला तो दगड घेऊन आल्या आणि चाकामागे नीट बसवला.

"सोडा आता, भाऊजी."

मी दार उघडलं, दांड्याला हात लावला, पण माझ्यानं होईना. तेव्हा त्याच आत वाकल्या आणि त्यांनी ब्रेक सोडला. चाकात कट्‌ असा आवाज झाला. गाडी बोटभर मागं आली आणि दगडाला टेकून उभी राहिली.