दहा दिवसांचा कुत्रा

खुंट्याला काळा कुत्रा बांधलेला होता. छातीवर पांढरा ठिपका, गळ्यात अंबाडीचा दोर. पुढ्यात ज्वारीची भाकरी, बाजूला पाण्याचं टमरेल. मला पाहून त्याने शेपूट हलवली. पाच दिवसांपूर्वी मी तांड्यावर जे जे सांगून गेलो होतो, ते सगळं तिथे होतं. फक्त कुत्रा दुसरा होता.

बिचाऱ्याने जांभई दिली आणि तिथेच तो पकडला गेला. कुत्र्याच्या पुढच्या दातांना तरुणपणी तीन-तीन बारीक पाकळ्या असतात. वय वाढतं तशा त्या झिजतात. मी बांधायला सांगितलेल्या कुत्र्याचे दात पिवळे, सपाट झालेले होते आणि तोंडावरचे केस पांढरे. ह्याच्या पाकळ्या जशाच्या तशा होत्या.

माझे कंपाउंडर पुंडलिकराव सायकल झाडाला टेकवत म्हणाले, "साहेब, पाच दिवसात कुत्रा आठ वर्सानं लहान झाला. आपल्या दवाखान्यात असं औषध हाय का?"

मी हसलो. त्या दिवशीचं ते माझं शेवटचं हसणं.

आता पाच दिवस मागे जातो. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष उलटलं होतं, पण आमच्या दवाखान्याच्या पाटीवर अजून मुंबई राज्यच लिहिलेलं होतं. वणी आणि मारेगावच्या मधल्या एका गावात माझी नेमणूक होती. लोक त्याला ढोरांचा दवाखाना म्हणत आणि मला ढोरडॉक्टर. गावोगाव फिरून 'हंगामी सल्ला' देणं हाही नोकरीचाच भाग. उन्हाळ्यात जनावराला सावली आणि पाणी, पावसाळ्यात गोचीड, आणि भादवा-अश्विनात कुत्री. ह्या दिवसांत कुत्री माजावर असतात, आपसांत भांडतात, मध्ये येईल त्याला फोडतात. त्यात एक जरी पिसाळलेलं निघालं, तर रोग वणव्यासारखा पसरतो.

मला बोलायची भारी हौस. कॉलेजात नाटकात कामं केलेली. निंबाच्या झाडाखाली दहा माणसं बसलेली दिसली की मी सायकल लावायचो आणि पडदा वर गेलाच म्हणून समजा. पिसाळलेल्या कुत्र्याची झोकांडी, लोंबलेला जबडा, घोगरा झालेला आवाज, सगळं करून दाखवायचो. लोक खूश. लोकांपेक्षा मी जास्त खूश.

त्या दिवशी तांड्यावर पोचलो तेव्हा सभा आधीच जमलेली होती, पण माझ्यासाठी नव्हे. तांड्याचे नायक हरसिंग, त्यांची नात जमनी, वय आठ. सकाळी दोन कुत्री भांडत होती. त्यातला शेरू जमनीच्या घरचा. त्याला ओढायला ती मध्ये गेली आणि शेरूनेच तिच्या पोटरीत दात रोवले. जखमेवर तिखट भरून ठेवलेलं होतं. पोरगी रडून रडून थकली होती. चार गडी काठ्या घेऊन शेरूला मारायला निघाले होते.

मी आडवा आलो. "मारू नका!"

"काहून?" नायक म्हणाले. "नातीले चावला थो."

आधी मी जखम साबणाने धुवायला लावली. माझ्या पिशवीतली कार्बोलिक साबणाची वडी जमनीच्या आईला, गंगीला, दिली. पंधरा मिनिटं नुसतं धुणं चाललं. मग मी काठीभर अंतरावरून कुत्रा पाहिला, दातही पाहिले. भाकरी खात होता, पाणी पीत होता, हाक मारली की कान हलवत होता. पिसाळल्याचं एकही लक्षण नव्हतं. अशा वेळी आमच्याकडे एक नियम होता, त्याला आम्ही ऑब्झर्वेशन म्हणत असू. रोगाचं विष कुत्र्याच्या लाळेत उतरतं ते त्याच्या शेवटच्या थोड्या दिवसांत. म्हणून चावलेला कुत्रा मारायचा नाही. बांधून ठेवायचा. चावल्यापासून दहा दिवस तो ठणठणीत राहिला, तर चावला तेव्हा लाळेत विष नव्हतं, माणसाला धोका नाही. मधेच आजारी पडला किंवा मेला, तर माणसाला ताबडतोब पोटातली चौदा इंजेक्शनं सुरू करायची.

हे असं, जसं आत्ता लिहिलं तसं, मी तिथे सांगितलं का? नाही. इतकं साधं बोलणं माझ्या जिवावर यायचं. मी खुंट्यापाशी उभा राहिलो, एक हात कुत्र्याकडे केला, दुसरा पोरीकडे, आणि आवाज चढवून म्हणालो, "दहा दिवस! हा कुत्रा जगला, तर ही पोर जगली!"

काठ्या खाली आल्या. मला वाटलं, काय वाक्य पडलं! कुत्र्याला बांधून भाकर-पाणी द्यायला सांगितलं, टूर डायरीत 'जनतेस हंगामी सल्ला दिला' असं लिहिलं आणि पाच दिवस तिकडे फिरकलो नाही. वाटेत नाला होता, चिखल होता, दुसऱ्या गावात बैलांच्या खुरांना रोग लागला होता. कारणं पुष्कळ होती. रोज जायला हवं होतं, हे तेव्हाही मला माहीत होतं.

तर पाचव्या दिवशी मी नायकांना विचारलं, "शेरू कुठे आहे?"

"हा काय जी, बांधला हाय."

"हा शेरू?"

"हाच."

पुंडलिकराव खाली बसले. त्यांनी सावकाश तंबाखू मळली. "नायक, आमी ढोराच्या दवाखान्यातले मानसं. तुमी आमालेच कुत्रा बदलून दाखवता? सांगा बरं, काय झालं?"

बोलली ती गंगी, ओढणीचं टोक मुठीत धरून. "शेरू काल मेला जी."

"कसा?"

"दुसऱ्या दिसापासून भाकर नाई खाल्ली. आवाज बसला. तोंडातून पानी गळे. मंग बापूनं जबडा उघडून दूध पाजलं. बकरीचं दूध, पोरीच्या वाट्याचं. मी तोंड पुसून देत होती. दोन राती बापू त्याच्यापाशी बसून राह्यले. तरी मेला."

बापू म्हणजे नायकच. मी त्यांचे हात पाहिले. निंदण-वखरणीने भेगाळलेले, तळव्यावर दोन ताज्या चिरा. पिसाळलेल्या कुत्र्याचं तोंड या हातांनी उघडून, घशात दूध घातलं होतं. एकदा नव्हे, दोन दिवस.

"अहो, पण का? तो आजारी पडला की मला कळवायचं, एवढंच तर काम होतं!"

नायकांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमीच तं म्हनलं. कुत्रा जगला तं पोरगी जगली. मंग जगवाव नाई का? आमच्यानं जगला नाई. मंग भावाच्या घरचा आनला. तसाच काळा. दहा दिस खुंट्याले कुत्रा जिता पायजे, थो हाय. तुमी पाहा, पोरगी कशी खेळून राह्यली."

जमनी खरंच खेळत होती. अंगणात चिंचोके मांडून बसली होती, पोटरीला फडकं बांधलेलं.

माझ्यासाठी तो कुत्रा म्हणजे थर्मामीटर होता. त्यांच्यासाठी तो पोरीचा जीव होता. ताप उतरावा म्हणून कोणी थर्मामीटर पुसत बसलं तर आपण हसू. पण हे थर्मामीटर म्हाताऱ्याने रात्र-रात्र मांडीवर घेतलं होतं, आणि ते त्याच्या हाती मीच दिलं होतं.

मग मी नव्या कुत्र्याच्या गळ्याचा दोर काठीने जरा सरकवला. त्याचं नाव भवऱ्या. दोराखाली दातांचे चार व्रण होते, खपली धरलेले. शेरू भांडत होता तो ह्याच्याशीच. म्हणजे हाही गेलेला. आज शेपूट हलवत होता, तीन आठवड्यांनी काय करील कोण जाणे.

मी म्हणालो, "नायक, जमनी, गंगी आणि तुम्ही, तिघांनी आज यवतमाळला निघायचं. चौदा दिवस इंजेक्शनं. अजून वेळ आहे. आणि ह्या कुत्र्याला आजच संपवावं लागेल."

नायक उठले आणि कुत्रा आणि मी यांच्यामध्ये येऊन उभे राहिले. हातात काठी नव्हती. "पाच दिस झाले, पाच राह्यले. याचे दहा होऊ द्या. मंग माहा जीव घ्या."

"ह्या कुत्र्याचा आणि पोरीचा काही संबंध नाही हो!"

"तुमीच तं लावून देला."

तरी अर्धा तास बोललो. लाळ, विष, दिवस, सगळं समजावलं. या वेळी हातवारे न करता. पण पाच दिवसांपूर्वीचा डॉक्टर खरा मानायचा की आजचा, हा त्यांचा सवाल होता, आणि दोन्ही डॉक्टर मीच होतो. बाकीची माणसंही नायकांच्या मागे येऊन उभी राहिली. उन्हं कलायला लागली. मारेगावच्या फाट्यावरून यवतमाळची शेवटची एसटी जायची होती.

मला बाजूला घेऊन पुंडलिकराव म्हणाले, "साहेब, तुमाले कुत्रा मारायचा हाय का पोरगी न्यायची हाय? एकच सांगा."

"पोरगी."

"मंग कुत्रा राहू द्या."

मी परत गेलो. "नायक, कुत्रा राहील. पण दोर नको, बैलाची लोखंडी साखळी. भोवती काटेरी कुंपण. कोणी जवळ जायचं नाही, भाकरी लांबून टाकायची. बाकी कुत्री आपापल्या दारी बांधायची. पुंडलिकराव रोज येऊन पाहतील. कबूल असेल तर तुम्ही तिघं आत्ता बैलगाडीत बसा."

"थो दहा दिस जगन?"

"हा दहा दिवस जगेल." हे मात्र मला बऱ्यापैकी ठाऊक होतं.

"बसा," नायक गंगीला म्हणाले.

पुंडलिकराव साखळी अडकवता अडकवता म्हणाले, "घरी काय सांगू साहेब? सरकारनं मले कुत्र्याचा पहारेकरी केलं?"

चुकीच्या समजुतीच्या आधाराने मी बरोबर काम करून घेतलं. त्याचा अभिमान नाही. पण त्या दिवशी गाडी फाट्यावर पोचली, एसटी मिळाली, आणि दुसऱ्या सकाळी तिघांची पहिली इंजेक्शनं झाली. तिथल्या डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं, "कुत्रा?" मी म्हणालो, "चौथ्या दिवशी मेला." त्यांनी लगेच नर्सला हाक मारली. जमनी तीन दिवस ओरडली. नंतर ती स्वतःच पोटावरचं लुगड्याचं पटकूर वर करून पडून राही आणि छताकडे बघत बसे, असं गंगीने मला सांगितलं. ते ऐकायला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

चौदा दिवसांनी ते परतले. भवऱ्या साखळीला होता, धडधाकट. मी त्याला संपवायचं पुन्हा काढलं. नायक म्हणाले, "कायले? आमाले काई झालं नाई, त्याले काई झालं नाई." मी म्हणालो, "मग साखळी तरी सोडू नका." तेवढं त्यांनी ऐकलं.

त्यानंतर आठवडाभरातच भवऱ्याचा आवाज बदलला. पुंडलिकरावांचा निरोप आला तसा मी निघालो. तो साखळी चावत होता. पुढचे दात तुटले होते. पाण्यात तोंड घाली, पण घोट उतरत नव्हता. तांडा कुंपणाबाहेर लांब उभा होता. हे सगळं मी त्यांना पूर्वी करून दाखवलं होतं आणि तेव्हा लोक हसले होते. आता कोणी हसत नव्हतं. जमनीला घरात ठेवलं होतं. गावच्या पाटलांकडे परवान्याची बंदूक होती, ती आणवली. खोल खड्डा, वर चुना. त्या हंगामात तांड्यातली आणखी तीन कुत्री मला संपवावी लागली. कोणी आडवं आलं नाही. एका म्हातारीने आपला कुत्रा स्वतः आणून बांधला आणि पाठ करून बसली.

भवऱ्याला संपवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी हरसिंग नायक चार कोस चालत दवाखान्यात आले. बाकावर बसले. पाणी दिलं, ते सगळं प्याले. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "त्या दिशी खुंट्यापाशी तुमाले जे सांगायचं होतं, थे आता सांगा. हळू सांगा. नाटक नोका करू."

मी सांगितलं. लाळेत विष कधी उतरतं, दहा दिवस कशासाठी, कुत्रा मेला तर काय समजायचं. त्यांनी मध्येमध्ये थांबवून विचारलं. दोनदा स्वतः म्हणून दाखवलं. शेवटी विचारलं, "मंग पोरगी वाचली?"

इथे पूर्वीचा मी असतो तर टाळी घेणारं वाक्य फेकलं असतं. मी म्हणालो, "बहुतेक वाचली. तुम्हीही. पण आणखी सहा महिने लक्ष ठेवावं लागेल. पाणी गिळताना त्रास झाला, जखमेच्या जागी मुंग्या आल्या, तर लगेच यायचं."

"बहुतेक," ते म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले. "हे समजते." आणि उठले.

सहा महिने गेले, वर्ष गेलं. तिघांनाही काही झालं नाही. जमनी पुढे ढाणकीकडे दिली. तिच्या लग्नाला मी गेलो होतो, तिने मला ओळखलं नाही. बरंच झालं.

त्या हंगामानंतर मी सल्ला देण्याची पद्धत बदलली. आधी कारण सांगतो, मग काय करायचं ते, आणि मग समोरच्याला विचारतो, "काहून?" त्याला सांगता आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. एका गावाला पूर्वी अर्धा तास पुरायचा, आता दोन लागतात. निम्मे लोक मधेच उठून जातात. वरिष्ठांनी एकदा शेरा मारला की हा अधिकारी दौऱ्यात फार थोडी गावं करतो. शेरा बरोबर होता. मी खाली सही केली.