बाहुलीची मान
गरम पाण्यातल्या व्हिनाइलचा, म्हणजे बाहुल्यांच्या मऊ प्लास्टिकचा वास आला, की मला लग्नानंतरचा नवीन जालना भागातल्या आमच्या घरातला एक रविवार आठवतो. पहिल्या पगारातून घेतलेल्या माझ्या बाहुलीचा गुडघ्याचा सांधा तुटला होता, म्हणून तिचं डोकं काढून मी नव्या धडावर बसवत होते. पिंपळगाव रेणुकाईहून आलेल्या सासूबाई झोपल्यात असं समजून मी स्वयंपाकघरात फरशीवर पसारा मांडला होता. पण मानेचं भोक धडाच्या खुंटीवर बसेना, आणि जोर लावला तर व्हिनाइल फाटेल या भीतीनं मी ते नुसतंच फिरवून फिरवून बघत होते. तेवढ्यात सासूबाई दारात दिसल्या. मी घाईघाईनं सगळं ओढणीखाली झाकलं. सगळा जन्म शेतात राबलेल्या बाईला मी काय सांगणार होते? त्या शेजारी बसल्या, ओढणी बाजूला करून डोकं हातात घेतलं, मान चाचपली आणि म्हणाल्या, "जोर नको लावू, पोरी. ठिबकची नळी बी अशीच अडून बसती. गरम पाण्यात धरली की मंग बराबर बसती." पातेलं त्यांनीच गॅसवर ठेवलं. पाण्यात मान मऊ पडली आणि त्यांच्या भेगाळलेल्या अंगठ्याखाली डोकं अलगद बसलं. विस्कटलेले केस नीट करत त्यांनी विचारलं, "अजून कोणाचं करायचं राह्यलंय?" मी आतून आणखी दोघी आणल्या. एवढी मोठी सून बाहुल्या कशाला जपते, हे त्यांनी तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही. याचं मला किती अप्रूप आहे, ते त्यांना सांगायला मला अजून जमलेलं नाही.