ऐकवल्याशिवाय न जाणारं पान

मुरलीधर गेल्याचा फोन पेडगावहून आला, तेव्हा परभणीच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात मी त्याचाच लेख टाईप करत होतो. शेवटचं पान यायचं होतं. ते अजून कुणाला तरी ऐकवायचं राहिलंय, म्हणून अडलेलं... सकाळीच मी त्यावरून त्याला झापलं होतं. आज दीड महिना झाला, ते झापणं काही मनातून जात नाही.

पुण्याला राहून त्यानं धर्मांच्या अभ्यासात पीएचडी केली. नोकरी काही लागली नाही. मग गावी येऊन मिळेल ते लिहू लागला. पुरवण्यांचे लेख, जत्रेच्या पुस्तिका, उरुसाची माहितीपत्रकं. धर्माचा डॉक्टर म्हणून लोक त्याच्याकडे लग्नाचे मुहूर्त विचारायला यायचे! हा बापडा हसून भिंतीवरचं कॅलेंडर काढून हातात द्यायचा.

सुरुवातीला त्यानं माळावरच्या मेंढपाळांच्या देवावर लेख लिहिला. छापून आल्यावर मोठ्या हौसेनं तिथल्या सखुबाईला वाचून दाखवला. म्हातारी म्हणाली, "तुला शेंदराचा दगड दिसला, त्यो लिवलास. आमी त्याला पाणी पाजल्याबिगर घोट घेत न्हाई, ते कुठं हाय?" मुरली लय ओशाळला. तेव्हापासून ज्याच्याविषयी लिहिलं, त्याला ऐकवल्याशिवाय एक पान त्यानं बाहेर सोडलं नाही.

यापायी लेख उशिरा जायचे, संपादक वैतागायचे, कामं तुटायची. मी चिडून म्हणायचो, "मुरल्या, काय हे चावडीवाचन लावलंस? एवढं शिकून काय उपयोग?" तो नुसता चष्मा पुसत बसायचा. खरं सांगतो, मला त्याची कीव यायची.

आता त्याचीच रीत म्हणून परवा, त्याच्यावर लिहिलेला हा लेख घेऊन मी पेडगावला गेलो आणि त्याच्या बायकोला, शांतावहिनींना वाचून दाखवला. 'त्याच्या विद्येचं चीज झालं नाही' असं एक वाक्य मी लिहिलं होतं. तिथं त्यांनी हात वर केला.

"भावजी, तेवढं काढा."

"वहिनी, खोटं आहे का ते?"

"मला अक्षर वळखू येत न्हाई. पन त्यांनी लिवलेली वळ न् वळ मी ऐकलीया. समद्यात आधी मला वाचून दाखवायचे. मी न्हाई म्हणलं की खोडायचे... अजून कसलं चीज असतंय?"

खिडकीत त्याचं लिहायचं पॅड होतं, दोऱ्यानं बांधलेल्या पेनासकट. वहिनींनी ते माझ्यापुढं सरकवलं. त्याच पेनानं मी ते वाक्य खोडलं, आणि पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.